अनेक हार्ड डिस्क जोडून एकच व्हॉल्यूम: लिनक्सवर या चुका टाळा

जुन्या पीसीतली ५०० जीबीची एक, मग घेतलेली १ टीबीची, परवाची नवी ४ टीबीची. अशा तीन डिस्क हाताशी असल्या की त्या जोडून एकच मोठी जागा करावीशी वाटतेच. लिनक्सवर एलव्हीएमने (अनेक डिस्कची जागा एकत्र करणारी सोय) ते दहा मिनिटांत होतं. तिन्हींवर पीव्हीक्रिएट (डिस्क तयार करणं), मग व्हीजीक्रिएट (त्यांचा गट करणं), मग एलव्हीक्रिएट (गटातून व्हॉल्यूम, म्हणजे एकसंध जागा, काढणं), आणि वर फाइल सिस्टिम (फाइली मांडायची व्यवस्था), की झालं.

पण जागा वाढली की धोकाही वाढतो, हे पहिल्यांदा कोणी सांगत नाही. काही वेगळं न सांगता केलेला व्हॉल्यूम ‘लिनियर’ असतो. त्यात एक डिस्क संपली की पुढची सुरू होते, आणि फाइल सिस्टिम मात्र एकच, तिन्हींवर पसरलेली. मी घरचे फोटो अशाच व्हॉल्यूमवर ठेवले होते. एके सकाळी डब्यातून टक्-टक् आवाज येऊ लागला आणि ५०० जीबीची सर्वांत जुनी डिस्क गेली. बाकीच्या दोन ठणठणीत, तरी व्हॉल्यूम माउंट होईना, म्हणजे वापरायला उघडेना. तेव्हा पहिला नियम: बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेतल्याशिवाय जोडाजोडी करू नका, आणि सर्वांत जुनी डिस्क त्यात मुळीच घालू नका.

डिस्क गेलीच, तर गटातून डिस्क काढणाऱ्या व्हीजीरिड्यूसला घाईने रिमूव्हमिसिंग आणि फोर्स हे पर्याय देऊ नका. गेलेल्या डिस्कवर ज्याचा थोडाही भाग आहे, तो अख्खा व्हॉल्यूम त्याने काढून टाकला जातो. आधी व्हॉल्यूम पार्शल मोडमध्ये (एक डिस्क नसतानाही) सुरू करा, फक्त वाचण्यापुरता माउंट करून पाहा आणि निघेल तेवढं दुसरीकडे उतरवा. डिस्क अजून जिवंत असेल, पण स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्कने स्वतः ठेवलेली प्रकृतीची नोंद) पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या तुकड्यांचा, आकडा शून्यावरून वर सरकू लागला असेल, तर तीच वेळ आहे: नवी डिस्क व्हीजीएक्सटेंडने जोडा, पीव्हीमूव्हने डेटा हलवा, मग जुनी बाहेर काढा.

दुसरी चूक नावाची. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं; काल जी एसडीबी होती ती रीबूटनंतर एसडीसी होऊ शकते. म्हणून पीव्हीक्रिएटआधी डिस्कची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलकेमध्ये सिरीयल नंबर बघा आणि डिस्कवरच्या लेबलशी ताडून घ्या. ‘एक्स्ट४ (एक फाइल सिस्टिम) सिग्नेचर सापडली, पुसू का?’ असा इशारा आला तर थांबा. रिकामी समजलेल्या डिस्कवर काहीतरी आहे, असाच त्याचा अर्थ. तिथे सवयीने वाय दाबला की गेलं.

‘डिस्क जोडली, पण डीएफमध्ये (मोकळी जागा दाखवणारी कमांड) जागा तेवढीच!’ ही तक्रार मला सर्वांत जास्त ऐकू येते. व्हॉल्यूम वाढला, फाइल सिस्टिम वाढवायची राहिली. व्हॉल्यूम वाढवणाऱ्या एलव्हीएक्सटेंडला आर पर्याय दिला की दोन्ही एकदम वाढतात. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम मात्र वाढते, लहान करता येत नाही. पुढे डिस्क काढून जागा कमी करायची शक्यता असेल तर एक्स्ट४ घ्या. त्यात ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमचा मुख्य वापरकर्ता) राखीव असते, म्हणजे ४ टीबीत २०० जीबी. नुसत्या डेटाच्या व्हॉल्यूमवर ती ट्यून२एफएसने कमी करता येते.

सुरू होताना काय माउंट करायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये यूयूआयडी (फाइल सिस्टिमची न बदलणारी ओळख) लिहा आणि नोफेल हा पर्याय घाला. नाहीतर एक डिस्क दिसली नाही की मशीन थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं, आणि दूरच्या सर्व्हरपाशी धावावं लागतं.

रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी मांडणी) केलं की सगळं सुटेल, असंही नाही. वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क असल्या तर सर्वांत लहान डिस्कच्या मापाने हिशोब होतो: वरच्या तीन डिस्कमध्ये फक्त १ टीबी हाती येईल. सिनेमे, फोटो असं मोठं पण क्वचित बदलणारं काही असेल तर मी मर्जरएफएस सुचवेन; ते वेगवेगळ्या डिस्कवरचे फोल्डर एकत्र दाखवतं. प्रत्येक डिस्कची फाइल सिस्टिम स्वतंत्र राहते, एक गेली तर तिच्यावरचंच जातं. तिथे जागा असूनही ‘जागा शिल्लक नाही’ आलं तर क्रिएट पॉलिसी (नवी फाइल कुठल्या डिस्कवर टाकायची हा नियम) तपासा. ई-पीने सुरू होणाऱ्या पॉलिसी तो फोल्डर आधीपासून ज्या डिस्कवर आहे तिथेच नवी फाइल टाकतात. ती बदलून एमएफएस केली की सर्वांत मोकळी डिस्क वापरली जाते.