सीडी प्लेअरचा क्रिस्टल बदलला: माझा अनुभव

नौपाड्यातल्या घरी किशोरीताईंचं गाणं अजून सीडीवरच ऐकतो. प्लेअरमधला १६.९३४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपला घड्याळासारखे ठोके मिळवून देणारा भाग) काढून तिथे ऑसिलेटर मॉड्यूल, म्हणजे तेच ठोके स्वतः तयार करणारं छोटं सर्किट, बसवलं. आकडा तोच हवा, कारण तो सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग दराच्या (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने) बरोबर ३८४ पट आहे. क्रिस्टलजवळचे दोन छोटे कपॅसिटरही काढले, मॉड्यूलचं आउटपुट प्लेअरच्या चिपच्या एक्सटीआय (क्रिस्टल इनपुट) पिनला दिलं, एक्सटीओ (क्रिस्टल आउटपुट) पिन मोकळी ठेवली. चिप ५ व्होल्टची की ३.३ची, हे आधी डेटाशीटमध्ये बघाच! सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर मिळाले.

खरी मेहनत घ्यायची ती वीजपुरवठ्यावर. मॉड्यूलला स्वतंत्र रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग), अगदी पिनपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, वायर शक्य तितकी आखूड, ग्राउंडची जोडणी चिपशेजारूनच. तानपुरा आता जास्त स्वच्छ ऐकू येतो, आणि माझ्या मते त्याचं मोठं श्रेय या वेगळ्या पुरवठ्याला आहे.