बॅले प्रोफेशनली करायचंय? घाई कुठे करायची आणि कुठे अजिबात नाही

दर मे महिन्यात कुणाची ना कुणाची आई फोन करतेच, ताई आमच्या पोरीला बॅलेत करिअर करायचंय म्हणते, आणि दुसरं वाक्य असतं की ते टोकावर उभं राहायचे शूज कुठे मिळतात हो. शूज शेवटी येतात, पण सगळ्यांना घाई त्याचीच. मी डोंबिवलीची, नवव्या वर्षी सुरू केलं, कॉलेज संपेपर्यंत लोकलने साउथ बॉम्बेला क्लासला जायचे, अंबाड्याच्या पिनासुद्धा लेडीज डब्यात विकायला येतात त्यांच्याकडूनच घेतलेल्या. बॅले कंपनीपर्यंत, म्हणजे पगारी नर्तकांच्या संस्थेपर्यंत, काही पोचले नाही, आता मुलांना शिकवते. त्यामुळे खाली जे लिहितेय त्यातलं निम्मं माझ्याच चुकांतून आलंय.

आधी कॅलेंडर बघा. लंडनच्या रॉयल बॅले स्कूलचं व्हाइट लॉज, म्हणजे लहान मुलांची शाळा, अकराव्या वर्षापासून मुलं घेतं, अपर स्कूल सोळाव्या वर्षी. स्वित्झर्लंडची प्री द लोझान स्पर्धा 15 ते 18 वयोगटासाठीच असते. म्हणजे आपल्याकडे बारावीचं टेन्शन चालू असतं तेव्हा तिकडची मुलं कंपन्यांच्या ऑडिशन देत फिरत असतात. आणि आपल्याकडे रॉयल बॅलेसारखी, दर महिन्याला पगार देणारी मोठी कंपनी नाहीये, त्यामुळे प्रोफेशनल व्हायचं म्हणजे बहुतेक वेळा बाहेर जायचं, हे घरात बसून आधीच बोलून घ्या, नंतर सोळाव्या वर्षी बाबांना धक्का नको.

उशीर झाला म्हणजे संपलंच असंही नाही. मिस्टी कोपलंडने तेराव्या वर्षी सुरू केलं आणि 2015 मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रिन्सिपल, म्हणजे मुख्य नर्तकी झाली. आपल्या मुंबईतले अमीरुद्दीन शाह आणि मनीष चौहान तर आणखी उशिरा आले, येहुदा माओर सरांच्या हाताखाली तयार झाले, आणि अमीरुद्दीन 2017 मध्ये रॉयल बॅले स्कूलला पोचला. पण ही उदाहरणं सांगताना लोक एक गोष्ट गाळतात, ही मुलं रोज तासन्‌तास राबलीयत. आठवड्यातून दोनदा एक तास क्लास आणि वर मिस्टीचं उदाहरण, असं नाही चालत. तेरा-चौदाव्या वर्षी आठवड्यातले पाच-सहा दिवस देता येत असतील तरच प्रोफेशनल शब्द काढा, नाहीतर छंद म्हणून करा, छंदही मस्तच असतो.

तर घाई करायची पहिली जागा म्हणजे टीचर शोधणं. फी विचारण्याआधी एक क्लास बसून बघा. बारवर, म्हणजे त्या दांडीला धरून, निदान अर्धा तास काम होतंय का? टीचर मुलांच्या पायाला हात लावून, खुबा कुठे, गुडघा कुठे, असं एकेकीला सांगतायत का, की आरशासमोर उभं राहून फक्त स्टेप्स दाखवतायत? मग फ्लोअर बघा. सिमेंटवर थेट टाइल्स असतील तर उडीचा सगळा मार नडगीवर आणि घोट्यावर येतो, चांगल्या स्टुडिओत खाली पोकळी ठेवून लाकूड आणि वर विनाइलचा थर असतो. स्वतः एक उडी मारून बघा, लोक हसतील, हसू देत.

सर्टिफिकेटचं पण सांगते. आरएडी, म्हणजे रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षा आपल्याकडे बऱ्याच जणी देतात, चांगलंच आहे, पण ग्रेड एक ते आठ हा एक रस्ता आणि इंटरमीडिएट, अॅडव्हान्स्ड वगैरे व्होकेशनल परीक्षा हा दुसरा. करिअर करायचं असेल तर दुसरा रस्ता वेळेत धरा. ऑडिशनला तुमची फाइल कोणी चाळत बसत नाही, पहिल्या प्लिएमध्येच, म्हणजे गुडघे वाकवतानाच, त्यांना कळलेलं असतं.

आता घाई न करायची जागा. पॉइंट, म्हणजे ते बोटांच्या टोकावर उभं राहणं. माझ्या पहिल्या क्लासमध्ये गॅदरिंगला छान दिसतं म्हणून आम्हाला दहाव्या वर्षी पॉइंट शूजवर चढवलं, आईने कौतुकाने फोटो काढले, आणि चौदाव्या वर्षी पायाच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर घेऊन मी दोन महिने घरी बसले. तेवढ्या एका कारणाने झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण मला माहितीये. त्या वयात पावलाची हाडं पूर्ण पक्की झालेली नसतात. साधारण बारा वर्षं आणि त्याआधी तीनेक वर्षं नियमित क्लास, हा अंदाज धरा, पण वयापेक्षा ताकद बघा. एका पायावर उभं राहा, गुडघा सरळ, टाच पूर्ण वर, चवड्यावर, आणि सावकाश खाली. असं वीसेक वेळा, घोटा बाहेर न कलंडता. बाराव्या-तेराव्या वेळेलाच पोटरी थरथरायला लागली तर अजून वेळ आहे, शूजचे पैसे वाचले.

शूज घ्यायची वेळ आली की वाढत्या पायाला मोठा साइज अजिबात नाही, आपली सवय असते ना, पुढच्या वर्षी पण चालेल. सैल शूजमध्ये पाऊल खाली सरकतं आणि सगळं वजन अंगठ्यावर येतं. पुढचा टणक भाग, बॉक्स म्हणतात तो, बहुतेक शूजमध्ये कापड, कागद आणि गोंद यांचे थर देऊन केलेला असतो, लाकूड वगैरे काही नसतं. म्हणून तो घामाने मऊ पडतो, आणि मुंबईच्या जुलैत तर न वापरता पण पडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून पंख्याखाली टांगा, दोन जोड असतील तर आलटून पालटून वापरा. मऊ झालेल्या बॉक्सला आतून लाख लावून कडक करतात, ती लाख आपल्या झारखंडात भरपूर होते, आणि तीच घातलेली बाटली परदेशी ब्रँडची घेतली की चौपट पैसे, असो. रिबन स्वतः शिवायची. दोऱ्याऐवजी डेंटल फ्लॉस वापरा, तुटत नाही, रिबनची टोकं मेणबत्तीवर जराशी वितळवून घ्या म्हणजे धागे सुटत नाहीत, आणि गाठ घोट्याच्या आतल्या बाजूच्या खळग्यात दाबून बसवा, हाडावर आली तर संपूर्ण क्लास टोचत राहते. नवे शूज फार आवाज करतात म्हणून जिन्याच्या पायरीवर आपटायचे, आमच्या खालच्या काकू वर येऊन विचारायच्या, खोबरं फोडताय का.

कथ्थक किंवा भरतनाट्यम् करून आलेल्या मुलींना ताल आणि शिस्त फुकट मिळते, पण शरीराला काही गोष्टी विसरायला लावाव्या लागतात. कथ्थकची चक्कर टाचेवर, इथं पिरुएट चवड्यावर. तिकडे वजन जमिनीत जातं, इथं सतत वर खेचायचं. आणि टर्नआउट, पाय बाहेर वळवणं, तो खुब्यातून येतो. पावलं जबरदस्तीने एका रेषेत आणून गुडघे पुढेच राहिले तर काही वर्षांत गुडघा बोलायला लागतो. कमी वळला तरी चालेल, पण खरा वळू दे.

खाण्याबद्दल कडकच बोलते. कुठलाही टीचर बारा वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर जाड म्हणत असेल तर तो क्लास सोडा, कितीही मोठं नाव असू दे. सहा दिवस नाचणाऱ्या पोरीला वरण-भात-तूप, अंडी, दूध, चिकी सगळं लागतं. पाळी लागोपाठ तीन महिने आली नाही तर बरं झालं, कॉस्च्यूमचं टेन्शन गेलं, असं म्हणू नका (मी म्हटलेलं), सरळ डॉक्टरकडे जा, कारण तेव्हा हाडं पण झिजत असतात आणि फ्रॅक्चर तिथूनच सुरू होतात.

पैशांचं गणित फीवर संपत नाही. शूज, स्पर्धेची एंट्री, विमान, राहणं, फिजिओ, व्हिसा. सिलेक्शन होऊनही व्हिसासाठी अडकणारी मुलं असतात, म्हणून पासपोर्ट आणि बँकेचे कागद तेराव्या-चौदाव्या वर्षीच नीट करा, स्कॉलरशिपच्या तारखा लिहून ठेवा. घाईची दुसरी जागा ही. बारावी पण करा, ओपन स्कूलने केलीत तरी चालेल. पॅरिस ऑपेराचे डान्सर 42 व्या वर्षी रिटायर होतात, आणि तेव्हापासून मिळणारी पेन्शन वाचवायला 2019 च्या डिसेंबरात त्यांनी थंडीत ऑपेराच्या पायऱ्यांवर नाच करून निषेध केला होता. जिथे पेन्शन आहे तिथे ही गत, म्हणजे बघा.

राहिला ऑडिशन व्हिडिओ, कारण आपल्यासारख्यांसाठी पहिलं दार बहुतेक तेच असतं. साधा लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा बॅलेचा पोशाख), मागे मोकळी भिंत, स्कर्ट नको, मेकअप नको. मोबाइल स्टँडवर, कमरेच्या उंचीला, आडवा धरलेला, आणि पावलं कायम फ्रेममध्ये, माझ्या एका विद्यार्थिनीचा अख्खा बार गुडघ्यापर्यंतच शूट झाला होता आणि घरच्या कुणालाच ते कळलं नाही. बारवर प्लिए, तांद्यू (पाऊल जमिनीवरून सरकवत पाय ताणणं), अदाज (सावकाश, तोल सांभाळत केलेल्या हालचाली), मग सेंटरला पिरुएट दोन्ही बाजूंनी, छोट्या उड्या, मोठ्या उड्या. कमजोर बाजू लपवू नका, त्यांना तीच बघायची असते. एडिटिंगमध्ये स्लो मोशन आणि गाणं घालणाऱ्या दादाला खोलीबाहेर काढा. त्यांनी मागितलेल्या क्रमानेच पाठवा, आणि पाठवायच्या आधी फाइलचं नाव बदला, नाव, वय, शहर एवढंच, "फायनल फायनल 3 मम्मी" नको.