रॉक-पंकमधल्या बायकांसाठी लिसनिंग सेशन ठेवताय? यादी नको, जोड्या लावा

आठ मार्च जवळ आला की अ‍ॅपवर त्याच त्या प्लेलिस्ट वर येतात, पन्नास गाणी, पन्नास बायका, एकीचा दुसरीशी काही संबंध नाही, आणि ऐकून झाल्यावर डोक्यात शून्य. त्यापेक्षा चार मित्रमैत्रिणी गोळा करा आणि गाणी जोडीने लावा. आधी एक गाणं, आणि लगेच दुसरं, जे पहिल्या गाण्यातल्या बाईमुळे झालं. कोणी कोणाचं ऐकून काय उचललं हे कानाला कळलं की भाषण करावं लागत नाही.

दोन तासांचं सेशन असेल तर बारा-चौदा गाणी पुरतात. पंकची, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या त्या वेगवान, खडबडीत रॉकची गाणी दोन-अडीच मिनिटांची असतात म्हणून चाळीस घालायचा मोह होतो, घालू नका, कारण लोक मधे बोलतात आणि बोलायलाच हवं. शफल बंद, ऑटोप्ले बंद, आणि गाणं चालू असताना त्यावर कोणी बोलायचं नाही एवढा एकच नियम. स्पीकर बरा असावा, फोनच्या स्पीकरवर बास (खालचे जड सूर) ऐकूच येत नाही आणि इथे अर्धी गंमत बासमध्ये आहे.

सुरुवात पंकने करू नका, सिस्टर रोझेटा थार्पने करा. आधी तिचं १९४४ मध्ये रेकॉर्ड केलेलं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' नुसतं ऐकवा, कोण आहे ते सांगू नका, साल विचारा. बरेच जण पन्नासच्या दशकातलं काहीतरी म्हणतील. मग व्हिडिओ लावा, १९६४, मँचेस्टरजवळचं एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, टीव्हीवाल्यांनी एका फलाटावर स्टेज केलंय, समोरच्या फलाटावर पब्लिक, पाऊस पडतोय, आणि ही बाई कोट घालून इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून सोलो वाजवतेय. गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गाणारी बाई, पण गिटारच्या तारा ओढायची पद्धत बघा, पुढची दहा वर्षं मुलं तेच शिकत बसली. हिची जोडी म्हणून रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्डचं कुठलंही सुरुवातीचं गाणं लावा. १९४७ मध्ये मेकन शहरातल्या तिच्या कार्यक्रमाआधी तिने या पोराला गाताना ऐकलं आणि सरळ स्टेजवर बोलावलं, वर पैसेही दिले. थार्प १९७३ मध्ये गेली आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं २०१८ मध्ये. हे वाक्य गाणं संपल्यावर सांगा, आधी नाही.

दुसरी जोडी सगळ्यांना सुचते ती म्हणजे ब्लूज गायिका बिग मामा थॉर्नटन आणि एल्व्हिस, 'हाउंड डॉग'. थॉर्नटनचं १९५३ मध्ये सात आठवडे आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) चार्टवर पहिल्या नंबरला होतं, एल्व्हिसचं आलं १९५६ मध्ये. दोन्ही लावा, फरक ऐकायला मजा येते, थॉर्नटनच्या गाण्यात एक बाई बिनकामाच्या पुरुषाला दारातून हाकलतेय आणि एल्व्हिसच्या गाण्यात खरोखर कुत्र्याबद्दलच चाललंय असं वाटतं. पण 'त्याने तिचं चोरलं' एवढंच सांगून मोकळे होऊ नका. गाणं लिहिलं होतं लीबर आणि स्टोलर या दोघांनी, आणि एल्व्हिसने त्याची ती आवृत्ती उचलली लास वेगासमध्ये फ्रेडी बेलच्या बँडकडून. ग्रुपमध्ये एक तरी हे माहीत असणारा निघतोच आणि मग पूर्ण संध्याकाळ वादात जाते. माझ्या मते थॉर्नटनची खरी जोडी रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनशी लागते. 'बॉल अँड चेन' थॉर्नटनने स्वतः लिहिलेलं, जॉप्लिनने ते तिच्याकडून ऐकून, विचारून घेतलं, आणि जून १९६७ ला कॅलिफोर्नियातल्या माँटेरे पॉप फेस्टिव्हलच्या स्टेजवर असं गायलं की दुसऱ्या दिवसापासून लोक तिलाच ओळखायला लागले. थॉर्नटनचं आधी ऐकवा. थांबायची जागा कुठे आहे, ओरड कुठे आहे, हे सगळं जॉप्लिनने तिथून कसं नेलं ते आपोआप दिसतं.

आता साखळी, माझी सगळ्यात आवडती. डेट्रॉइटची सूझी क्वात्रो, लेदरचा जंपसूट, गळ्यात तिच्याएवढाच वाटणारा बास गिटार, १९७३ ला 'कॅन द कॅन' ब्रिटनमध्ये एक नंबर. तिला बघून वेडी झालेली एक पोरगी म्हणजे जोन जेट, जी १९७५ मध्ये ड्रमर सँडी वेस्टबरोबर द रनअवेज सुरू करते, सगळ्या टीनएजर. बँड फुटल्यावर जेटचा सोलो अल्बम २३ कंपन्यांनी नाकारला, मग तिने आणि तिचा प्रोड्यूसर केनी लगूनाने स्वतःचं लेबल काढलं, आणि १९८२ मध्ये 'आय लव्ह रॉक अँड रोल' अमेरिकेत सात आठवडे टॉपला. इथे लोक थांबतात, तुम्ही थांबू नका. कारण हीच जेट १९९३ मध्ये बिकिनी किल या पंक बँडचं 'रेबेल गर्ल' प्रोड्यूस करते आणि त्यात गिटारही वाजवते. क्वात्रो, जेट, आणि बिकिनी किलची गायिका कॅथलीन हॅना, वीस वर्षं आणि तीन गाणी, मधे काही न बोलता सलग लावा. दहा-अकरा मिनिटांत होतं.

बिकिनी किल आल्यावर कोणीतरी तो निर्वाणावाला किस्सा सांगणारच, हॅनाने निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेनच्या भिंतीवर डिओडरंटच्या नावाचं एक वाक्य लिहिलं आणि त्यातून त्याला त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचं, 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'चं, टायटल मिळालं. किस्सा खरा आहे, पण सेशन त्यावर संपवू नका, ती बाई फक्त भिंतीवर लिहून थांबली नव्हती ना. १९९१ च्या आसपास ऑलिंपिया, वॉशिंग्टन इथे या मुली झीन (हाताने केलेली, फोटोकॉपी काढलेली छोटी मासिकं) काढत होत्या, शोमध्ये गाण्यांचे शब्द छापून वाटत होत्या, मुलींना स्टेजजवळ पुढे या म्हणत होत्या आणि धक्काबुक्की करणाऱ्या पोरांना मागे पाठवत होत्या. रायट गर्ल चळवळ म्हणतात ती हीच. याच गावातून १९९४ ला स्लीटर-किनी ही बँड आली, दोन गिटार, ड्रम, बास नाहीच. 'डिग मी आउट' लावा आणि बास कुठे गेला ते लोकांना शोधू द्या.

लंडनसाठी वेगळा अर्धा तास काढा. १९७६ ते ७९ एवढ्यात जे झालं ते नीट ऐकायला हवं. द स्लिट्स या बँडची गायिका अरी अप बँड सुरू झाला तेव्हा १४ वर्षांची होती. एक्स-रे स्पेक्स या बँडची गायिका पॉली स्टायरीन, वडील सोमाली, दातांना तारा, अंगावर प्लास्टिकचे भडक कपडे, आणि १९७७ मध्ये ती खरेदीच्या संस्कृतीला चिडवत किंचाळतेय, मागे सॅक्सोफोन वाजतोय जो तेव्हाच्या पंकमध्ये कोणी फारसा घ्यायचं नाही. पंक म्हणजे फक्त गोरी पोरं आणि सेफ्टीपिन हा समज इथेच मोडतो. (आणि सिएटलची टीना बेल विसरू नका, बॅम बॅम या बँडची काळी गायिका, १९८४ मध्येच असलं जड गाणं रेकॉर्ड करत होती जे लोकांनी नंतर ग्रंज म्हणून डोक्यावर घेतलं. तिचं नाव बऱ्याच यादीत नसतं.)

स्लिट्सच्या बाबतीत एक गोष्ट आधीच नीट बघून घ्या. त्यांचा 'कट' हा अल्बम १९७९ चा, प्रोड्यूसर डेनिस बोव्हेल, म्हणून रेगेचा (जमैकातल्या संगीताचा) बास इतका मोठा आहे. पण त्यावरचे ड्रम्स बजी नावाच्या माणसाने वाजवलेत, कारण त्यांची आधीची ड्रमर पामोलिव्ह तोपर्यंत बँड सोडून गेली होती. तुम्ही जर ऐटीत सांगितलं की सगळं बायकांनी वाजवलंय तर तोंडघशी पडाल. पामोलिव्हचे ड्रम्स ऐकायचे तर स्लिट्सचं १९७७ चं, बीबीसी रेडिओवरच्या जॉन पीलच्या कार्यक्रमासाठीचं सेशन लावा, आणि मग द रेनकोट्स या बँडचा १९७९ चा पहिला अल्बम, तिथे तीच आहे. ही जोडी मला फार आवडते, तीच ड्रमर, आधी सुसाट सुटलेली, नंतर व्हायोलिनच्या बाजूने अडखळत चालणारी, मुद्दाम. रेनकोट्सची जोडी पुढे निर्वाणाशी लागते, कोबेन त्यांच्या रेकॉर्डसाठी लंडनमध्ये शोधत फिरला आणि १९९३ मध्ये अल्बम पुन्हा निघाला तेव्हा त्यावर त्याने लिहिलंय.

तर प्रत्येक गाण्याचे क्रेडिट्स बघा, कोणी लिहिलं, कोणी वाजवलं. कधी उलटंही निघतं. ज्या गाण्यात एकही बाई दिसत नाही तिथे बासवर स्टुडिओत वाजवणारी कॅरल के असते, बीच बॉइजच्या १९६६ च्या 'पेट साउंड्स'वरच्या कितीतरी गाण्यांत तीच आहे, आणि त्या काळी स्टुडिओतल्या वादकांची नावं कव्हरवर छापायची पद्धतच नव्हती. सेशनमध्ये एखादं असं गाणं गुपचूप घुसवा आणि नंतर सांगा.

'पहिली' हा शब्द वापरताना पण जरा दमाने. पूर्ण बायकांचा पहिला रॉक बँड कोणता यावर तासभर भांडण होतं. गोल्डी अँड द जिंजरब्रेड्सला १९६४ मध्येच अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने साइन केलं होतं. मोठ्या कंपनीकडून पूर्ण अल्बम काढण्यात फॅनी हा बँड पुढे, १९७०, त्यातल्या जून आणि जीन मिलिंग्टन या बहिणी मनिलात जन्मलेल्या. आणि स्वतःची गाणी लिहून, स्वतःच वाजवून अमेरिकेच्या अल्बम चार्टवर एक नंबर गाठणारा पहिला पूर्ण बायकांचा बँड द गो-गोज, १९८२, ज्या लॉस एंजेलिसच्या पंक तळघरांतून आलेल्या हे त्यांची गोड गाणी ऐकून अजिबात वाटत नाही. तीन वेगवेगळे 'पहिले' आहेत, नीट सांगितले तर भांडण होत नाही.

आता हाताला काम. येणाऱ्यांसाठी एक छोटं झीन करा, ए-फोर कागद एकच लागतो. कागद आडवा-उभा दुमडून आठ चौकोन पाडा, उघडा, मग रुंदीत मधोमध दुमडा आणि घडीच्या बाजूने मधल्या रेषेवर कात्रीने कागदाच्या अर्ध्यापर्यंत कापा. उघडलं की मधोमध एक चीर दिसेल. आता लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकला, चीर उघडते आणि आठ पानांची वही होते. पानावर एक जोडी, दोन सालं आणि एक ओळ, बस. हाताने लिहा, चिकटवा, फोटोकॉपी काढा, वाकडं आलं तर येऊ दे. प्रत्येक ग्रुपमध्ये गाणं सुरू व्हायच्या आधीच सगळं समजावून सांगणारा एक असतो, त्याला घड्या घालायला बसवा.

आणि गिटार कोणाकडे असेल तर शेवटचा अर्धा तास ती फिरवा, विशेषतः ज्यांनी कधी हातात घेतली नाही त्यांच्याकडे आधी. सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीच्या मागे पहिलं बोट, तिच्या शेजारच्या तारेवर पाचव्या पट्टीच्या मागे तिसरं बोट, फक्त त्या दोनच तारा जोरात खाली ओढायच्या, बाकीच्या तारांना लागू द्यायचं नाही. हा 'जी' (G) पॉवर कॉर्ड, म्हणजे दोनच सुरांचा कॉर्ड. हाताचा आकार तोच ठेवून दोन पट्ट्या पुढे सरकवला की 'ए' (A), परत मागे. बोटं दुखतील आणि आवाज घरघरेल, अ‍ॅम्प असेल तर गेन (आवाज कर्कश करणारं बटण) वाढवा म्हणजे ती घरघर मुद्दाम केल्यासारखी वाटते. पोर्टलंडमध्ये २००१ साली मुलींसाठी रॉक कॅम्प सुरू झाला तिथे मुली आठवडाभरात बँड करून स्टेजवर जायच्या, त्यामुळे अर्ध्या तासात दोन कॉर्ड काही जास्त नाहीत. ज्याला जमतंय त्याने लगेच सोलो वाजवून दाखवायचा नाही, गिटार पुढच्याकडे द्यायची.