गरब्याच्या आधी पार्लरची घडी बसवा

बडोद्यात पार्लरची खरी परीक्षा नवरात्रात होते. दांडिया बाजार असो की मांजलपूर, दुपारी साडेतीनपर्यंत खुर्च्या रिकाम्या आणि नंतर दारात चपला मावत नाहीत. तयारी पितृपक्षात उरकायची. तेव्हा गिऱ्हाईक तसंही कमी असतं, त्यामुळे मुलींच्या सुट्ट्या, मालाची मोजणी, नव्या मुलीची शिकवणी सगळं त्या पंधरवड्यात बसतं.

आधी वेळेचा हिशेब. समजा काम करणाऱ्या मुली 3 आहेत आणि गर्दीची वेळ साडेतीन ते आठ, म्हणजे प्रत्येकीची 270 मिनिटं. हेअरस्टाइल आणि हलका मेकअप, किंवा पूर्ण हात आणि पाठीचं वॅक्सिंग, आवराआवरीसकट 45 मिनिटं धरा. प्रत्येकीला 6 गिऱ्हाइकं येतात, पण वहीत 5च लिहा. सहावी जागा उशिरा येणाऱ्यांनी आणि ‘ताई, फक्त आयब्रो’ म्हणत डोकावणाऱ्यांनी खाल्लेली असते.

शिवाय मुलींनाही गरबा खेळायचा असतो, हे बहुतेक मालकिणी विसरतात. मग अष्टमीला दोघींचं एकदम पोट दुखतं. त्यापेक्षा सरळ पाळी लावा: रोज एकीला साडेसहाला सुट्टी. 9 रात्री, 3 मुली, प्रत्येकीच्या वाट्याला 3 रात्री. शनिवार आणि अष्टमी कोणाकडे, ते चिठ्ठ्या टाकून आधीच ठरवा आणि कागद भिंतीवर चिकटवा. त्या दिवशी लवकर जाणारीच्या 3 आणि बाकीच्यांच्या 5-5, अशा 13 वेळाच द्यायच्या.

बॅकलेस चोळीसाठी पाठीचं वॅक्सिंग गरब्याच्या दिवशी करू नका, निदान 24 तास आधी बोलवा. ताज्या वॅक्सिंगवर घाम आला, वर आरसेकामाची चोळी घासली, की पुरळ उठतं आणि बोल पार्लरला लागतो. चेहऱ्याच्या वॅक्सिंगआधी रेटिनॉलचं (सुरकुत्या-मुरुमांसाठीचं) क्रीम लावता का, हे नेमकं विचारा. ते लावणारीची वरची त्वचा नाजूक झालेली असते, वॅक्सबरोबर सोलून निघते. अशा गिऱ्हाइकाचा चेहरा वॅक्स करायचाच नाही, काम गेलं तरी चालेल.

आता कमिशन, कारण टीम इथेच फुटते. सोपी पद्धत अशी: पगाराच्या तिप्पट काम होईपर्यंत फक्त पगार, त्यावरच्या रकमेवर 10 टक्के. पगार 12,000, तर टार्गेट 36,000. काम 52,000चं झालं, तर 16,000वर 1,600 रुपये. सवलत दिली असेल तर हातात आलेली रक्कम धरा, छापील दर नव्हे. पण एवढ्यावर थांबलात तर जुनी मुलगी नवरीचं काम आणि हेअर कलर पकडून बसते, नवीच्या वाट्याला थ्रेडिंग उरतं, आणि नवी दिवाळीआधी सोडून जाते. म्हणून दोघींनी मिळून केलेलं काम 70-30 वाटून लिहा, आणि येणारं गिऱ्हाईक कोणाकडे द्यायचं हे काउंटरवर ठरू द्या. पगार आणि कमिशन मिळून जमा रकमेच्या 40 टक्क्यांपुढे जायला लागलं, तर मुलगी कमी करण्याआधी दरपत्रक पाहा. बहुतेक वेळा दोष तिथे असतो.

मुलगी गेली की गिऱ्हाईक तिच्यामागे जातं, ही तक्रार सगळ्यांची. त्यावर बाँड लिहून घेण्याचा फारसा उपयोग नाही. माहिती मुलीच्या डोक्यात आणि तिच्या मोबाइलमध्ये असते, ती पार्लरच्या वहीत आणा. प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड करा, त्यावर रंगाचा शेड नंबर आणि वजन, डेव्हलपरची (रंगात मिसळायच्या द्रावणाची) ताकद आणि माप, किती वेळ ठेवला ते: ‘5.3, 60 ग्रॅम, 20 व्हॉल्यूम डेव्हलपर 90 मिली, 35 मिनिटं, अ‍ॅलर्जी नाही.’ कलरच्या 48 तास आधी कानामागे केलेल्या पॅच टेस्टची (रंग सोसतो का, त्या चाचणीची) तारीखही त्यावरच. ट्यूब आणि डेव्हलपर वजनकाट्यावर मोजायची सवय लावा. अंदाजाने ओतलं की उरलेलं मिश्रण बेसिनमध्ये जातं आणि पुढच्या वेळी तोच रंग येत नाही. अपॉइंटमेंटचे मेसेज फक्त पार्लरच्या नंबरवरून जाऊ द्या.

जीएसटीचं थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025पासून पार्लरच्या सेवांवर 18ऐवजी 5 टक्के लागतो, पण खरेदीवर भरलेला कर वजा मिळत नाही. त्यामुळे मालावरचा कर खर्चात धरूनच दर लावा. अलकापुरीत दुसरी शाखा उघडायची असेल, तर एकाच पॅनवरची दोन्हीकडची उलाढाल एकत्र मोजली जाते. वर्षाला 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते.

नवरात्रातलं कमिशन कोजागिरीच्या आत, हिशेबाच्या कागदासकट हातात द्या. दिवाळीवर ढकललंत, तर तुळशीच्या लग्नानंतर नवरीची कामं सुरू होतील तेव्हा त्याच मुली समोरच्या पार्लरात दिसतील.