गिमलेट : जिन आणि साखरेत मुरलेले लाइम

गिमलेट म्हणजे गिरमिट, लाकडाला भोक पाडण्याचे सुताराचे लहानसे हत्यार. जिन आणि लाइम कॉर्डियल (साखर घालून टिकवलेला लाइमचा रस) एवढ्या दोनच जिनसांवर उभ्या असलेल्या या कॉकटेलला हे नाव बहुधा त्याच्या जिभेत थेट शिरणाऱ्या चवीमुळे पडले असावे. ब्रिटिश नौदलातील थॉमस गिमलेट नावाच्या शल्यवैद्याने खलाशांच्या गळी लाइमचा रस उतरावा म्हणून तो जिनमध्ये मिसळून दिला आणि त्याच्यावरून हे नाव आले, अशीही एक हकीकत सांगितली जाते. ती रंजक आहे, पण तिला भक्कम आधार नाही. लाइमचा जहाजांशी असलेला संबंध मात्र पूर्णपणे खरा आहे आणि गिमलेटची चव समजून घ्यायची तर तो माहीत असायला हवा.

मराठीत लेमन आणि लाइम या दोन्हींना आपण लिंबूच म्हणतो. येथे मात्र फरक करावा लागेल. लेमन मोठे, पिवळे व जाड सालीचे, तर लाइम लहान, हिरवे व पातळ सालीचे असते. १७४७ साली जेम्स लिंड या वैद्याने ‘सॅलिसबरी’ या युद्धनौकेवर स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगाने, आजारी पडलेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीवर वेगळा उपाय करून पाहिला, तेव्हा संत्री आणि लेमन मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. १७९५पासून ब्रिटिश नौदलाने लेमनचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची जागा वेस्ट इंडीजमधील लाइमने घेतली, जरी लाइममध्ये क जीवनसत्त्व लेमनपेक्षा बरेच कमी असते.

हा रस लांबच्या प्रवासात टिकवण्यासाठी त्यात मद्य मिसळण्याची पद्धत होती. स्कॉटलंडमधील लीथ बंदरात व्यवसाय करणाऱ्या लॉकलन रोझ याने मद्याऐवजी साखरेने रस टिकवण्याची रीत काढून १८६७ साली तिचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर लाइमचा रस देणे कायद्याने सक्तीचे झाले. बाटलीबंद गोड लाइम कॉर्डियल असे घडले. १९२२ साली हॅरी मॅकेलहोन या बारटेंडरने छापलेल्या पाककृतीत प्लिमथ जिन अर्धी आणि रोझचे कॉर्डियल अर्धे, एवढेच प्रमाण आहे.

आज ते अर्धेअर्धे प्रमाण फार गोड लागते. म्हणून अनेक जण कॉर्डियल वगळून ताजा रस आणि साखरेचा पाक घालतात. ते पेय चांगलेच लागते, पण माझ्या मते ते गिमलेट नव्हे. गिमलेटचे वेगळेपण सालीच्या तेलात आणि साखरेत मुरलेल्या रसात आहे, आणि तो घरी करणे मुळीच अवघड नाही.

त्यासाठी ८ ताजी, घट्ट लाइम स्वच्छ धुऊन पुसून घ्यावीत. सोलाण्याने फक्त हिरवी साल अगदी पातळ काढावी. खालचा पांढरा भाग आला तर कॉर्डियल कडू होते. साली २०० ग्रॅम साखरेत घालून बोटांनी चांगल्या चुरडाव्यात आणि भांडे झाकून पाच-सहा तास ठेवावे. तेवढ्या वेळात साखर ओलसर होते, तिला फिकट हिरवी झाक येते, आणि झाकण उघडताच येणारा वास नुसत्या रसाला कधीच येत नाही. मग सोललेली लाइम पिळून सुमारे १८० मिली रस गाळून त्यात ओतावा, ५ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालावे आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. उष्णता देऊ नये, कारण तापवलेल्या रसाचा तजेला जातो. गाळून उकळत्या पाण्याने धुतलेल्या कोरड्या बाटलीत भरल्यास साधारण ३०० मिली कॉर्डियल मिळते. ते फ्रिजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवावे.

एका पेयासाठी ६० मिली जिन, २५ मिली कॉर्डियल आणि ५ मिली ताजा रस घ्यावा. जिन ज्युनिपर या झुडपाच्या फळांचा स्वाद ठळक असलेली, लंडन ड्राय या गोडवा नसलेल्या पद्धतीची असावी. फुलांचा किंवा काकडीचा स्वाद असलेली नाजूक जिन या आंबटगोडापुढे हरवून जाते. ग्लास आधीच फ्रिजरमध्ये ठेवावा. शेकर पाण्याच्या बर्फाच्या मोठ्या, पाणी न सुटलेल्या खड्यांनी भरावा आणि १२ ते १५ सेकंद जोराने हलवावा. धातूवर बाहेरून पांढरे दव धरले आणि हाताला शेकर धरवेना, की थांबावे. वितळलेल्या बर्फाचे पाणी हाही या पेयाचा एक घटक आहे, त्यामुळे कमी हलवलेले गिमलेट घशाला झोंबते आणि ओल्या, बारीक बर्फात हलवलेले पाणचट होते. बारीक गाळणीतून गाळून लगेच द्यावे.

पहिला घोट फार गोड लागला, तर पुढच्या वेळी कॉर्डियल २० मिलीवर आणावे, पण रस एकदम वाढवू नये. फार आंबट लागल्यास आधी ताजा रस वगळून पाहावा. ५७ टक्के मद्यार्क असलेली ‘नेव्ही स्ट्रेंग्थ’ जिन वापरायची असेल, तर ती ४५ मिलीच घ्यावी आणि शेकर आणखी पाच सेकंद हलवावा.