८:१५ची लोकल आणि धावण्याचा आठवडा

आधी घड्याळ उलटं मोजा. डोंबिवलीहून ८:१५ची लोकल पकडायची तर ७:५०ला घर सुटतं. अंघोळ, नाश्ता, डबा भरणं याला ४५ मिनिटं, म्हणजे ७:०५ला घरात परत. ४० मिनिटांच्या धावण्यासाठी ६:२५ला रस्त्यावर हवं, गजर ६:०५चा. त्यावरून झोपायची वेळ निघते: १०:४५. खरी शिस्त इथेच लागते. कपडे, मोजे, बूट, चावी रात्रीच दाराशी ठेवा. पहाटे अंधारात दुसरा मोजा शोधताना दहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात बेत फिरतो.

मंगळवारी आणि गुरुवारी ४० मिनिटं, रविवारी लांब पल्ला. अर्धा तास न थांबता धावता येत असेल आणि जूनमध्ये सुरुवात केली, तर एवढ्यावर जानेवारीतली २१.०९७ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन धडपणे पुरी होते. रविवार ५० मिनिटांपासून सुरू करा, दर आठवड्याला ५ ते १० मिनिटं वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला एक तृतीयांश कमी करा. गणपती आणि दिवाळी या हलक्या आठवड्यांत येतील असं आधीच कॅलेंडरवर मांडा. दोन-सव्वादोन तासांच्या पुढे जायची गरज नाही.

वेळ कमी म्हणून चाळीस मिनिटं जोरात पळून काढणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दम महिनाभरात वाढतो. हाडं आणि कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) मागे राहतात, मग नडगीची आतली कड ठणकायला लागते. धावताना पाठ असलेलं एखादं स्तोत्र मोठ्याने म्हणून बघा. ओळीच्या मध्येच श्वास तुटला तर वेग कमी करा. हे जमू लागलं की गुरुवारी शेवटी २० सेकंदांच्या चार वेगवान धावा घ्या, मध्ये मिनिटभर चाला.

मंगळवार हुकला तर बुधवारी धावा आणि गुरुवारचं शुक्रवारी ढकला. दोन्ही हुकले तर सोडून द्या. ते रविवारच्या पल्ल्यात मिसळू नका, दुखापती अशाच होतात. झोप पाच तासांपेक्षा कमी झाली असेल तर २० मिनिटं हळू धावून परत या. तापात अजिबात धावू नका, ताप उतरल्यावरही तीन-चार दिवस थांबा.

लोकलमध्ये तासभर उभं राहणं हाही पोटऱ्यांवरचा भारच. म्हणून बुधवारी आणि शनिवारी जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर-खाली करा: १५ वेळा गुडघे सरळ ठेवून, १५ वेळा किंचित वाकवून, असं दोनदा.

पावसाळ्यात भिजलेले बूट उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, गोंद सुटतो. आतला सोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. जुना जोड टाकू नका. सलग पावसात तोच आलटून-पालटून घालता येतो.