पॅसेज कमी केला, आईचं बाथरूम जवळ आणलं

नव्या घराच्या पहिल्या नकाशात खोल्या ऐसपैस होत्या, पण मधून लांबलचक पॅसेज जात होता. एका टोकाला आईची खोली, दुसऱ्या टोकाला बाथरूम. रात्री-अपरात्री तिने एवढं चालायचं, हे मला अजिबात पटेना.

मग खोल्यांऐवजी सामानापासून सुरुवात केली. १:५० प्रमाणात, म्हणजे १ मीटरला २ सेंमी धरून, पलंग, कपाटं, सोफा, टेबल कागदातून कापले आणि नकाशावर मांडले. दारं उघडल्यावर किती जागा घेतात, तेही काढलं. यातच कळलं की आईच्या खोलीचं दार उघडं असताना कपाट उघडणारच नाही!

बाथरूम उचलून आईच्या खोली आणि स्वयंपाकघराच्या मध्ये आणलं. पाण्याचे पाइप एकाच भिंतीत आले, पॅसेज निम्म्याहून कमी झाला आणि उरलेली जागा बैठकीला मिळाली. बाथरूमचं दार ९० सेंमी रुंद आणि बाहेर उघडणारं ठेवलं. आत कुणी पडलं तर दार अडत नाही. व्हीलचेअर वळायला साधारण १५० सेंमी व्यासाची मोकळी जागा लागते, तीही आत्ताच राखली. आज गरज नाही, तरीही.

खांब-तुळयांचं मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेतलं.

शेवटी प्लॉटवर चुन्याने खऱ्या मापाच्या रेघा मारल्या आणि सगळे त्यातून फिरलो. ओट्यासमोरची जागा तिथेच १२० सेंमीपर्यंत वाढवली, कारण आमच्याकडे स्वयंपाकघरात दोघं असतातच.